सदाफुलीचें विष आणि बालकाचा डोळा

सदाफुलीला कोणी मुद्दाम पाणी घालीत नाहीं. वाड्याच्या कोपऱ्यांत, विहिरीच्या कठड्यापाशीं, चाळीच्या गॅलरींतल्या फुटक्या डब्यांत ती आपली आपण वाढते आणि बारा महिने देवपूजेला फुलें पुरविते. मोकाट गुरें दारची इतर हिरवळ फस्त करतात, पण सदाफुलीच्या पानांना सहसा तोंड लावीत नाहींत. कारण तीं पानें कडू आहेत, आणि त्यांच्या कडवटपणांत विष आहे. हेंच विष शुद्ध करून, मिलिग्रॅमच्या मापानें मोजून, आज तान्ह्या बालकाच्या शिरेंतून दिलें जातें. आणि डोळ्याच्या कर्करोगानें ग्रासलेल्या कितीतरी बालकांचा जीव इतर उपचारांच्या जोडीनें त्यामुळें वांचतो. पुष्कळांचा डोळाहि वांचतो. हें कसें घडतें हें जितकें जाणण्यासारखें आहे, तितकेंच दारचीं पानें ठेचून तें घडत नाहीं, हेंहि जाणण्यासारखें आहे.

या रोगाला वैद्यकांत रेटिनोब्लास्टोमा असें नांव आहे. डोळ्याच्या आंत, मागच्या भिंतीवर, दृष्टिपटल नांवाचा एक अतिशय नाजूक पडदा असतो. बाहेरच्या जगाचें चित्र त्यावर उमटतें आणि तेथून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे जातें. गर्भावस्थेंत आणि जन्मानंतरच्या आरंभीच्या काळांत हा पडदा घडत असतां त्याच्या कांहीं अपक्व पेशी वाट चुकतात, अनिर्बंध वाढूं लागतात आणि त्यांची गांठ बनते. म्हणूनच हा रोग बहुतेक पांच वर्षांच्या आंतील मुलांना होतो. सुमारें १५ ते २० हजार जन्मांमागें एका बालकाच्या वांट्याला तो येतो. प्रमाण लहान वाटतें. परंतु भारतासारख्या देशांत, जेथें जन्मांची संख्याच प्रचंड आहे, तेथें दरवर्षीं अशा बालकांची गणती हजाराच्या वर जाते.

रोगाची खूण बहुधा प्रथम आईलाच दिसते. बाळाला मांडीवर घेतलें असतां, दिव्याचा प्रकाश एका विशिष्ट कोनांतून पडला म्हणजे डोळ्याची बाहुली काळी न दिसतां पांढरी चमकते. अंधारांत मांजराचा डोळा चमकावा, तशी. कांहीं मुलांचा डोळा तिरळा होऊं लागतो. आरंभीं बहुधा वेदना नसते. मूल हंसत असतें, खेळत असतें, दूध पीत असतें. आणि म्हणूनच घरांत कोणाला संशय येत नाहीं. स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनीं १८०९ सालीं या रोगाचें वेगळेपण वर्णन केलें आणि रोगी डोळा लौकर काढून टाकावा, असा सल्ला दिला. भुलीचें औषध निघण्यापूर्वींचा तो काळ होता. त्या सल्ल्यांतील क्रौर्य आणि करुणा या दोहोंची कल्पना त्यावरून करावी. पुढें १८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं डोळ्याच्या आंत पाहण्याचें उपकरण तयार केलें आणि रोग अधिक लौकर ओळखतां येऊं लागला. तरीहि डोळा देऊन जीव वांचविणें, हाच दीर्घकाळ मुख्य उपाय होता. रोग फार पुढें गेला असेल तर आजहि तोच करावा लागतो.

पेशी वाट चुकतात म्हणजे नेमकें काय होतें? प्रत्येक पेशींत तेराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जनुक असतें. त्याच्या आज्ञेनें बनणारें प्रथिन पेशीच्या विभाजनाच्या दाराशीं पहारेकऱ्यासारखें उभें असतें आणि गरज नसतां पेशीला दुभंगूं देत नाहीं. या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नुडसन यांनीं १९७१ सालीं ४८ रुग्णांच्या माहितीवरून असें अनुमान काढलें कीं, हा रोग होण्यास दोन आघात व्हावे लागतात. ज्या मुलांना पहिला आघात जन्मतःच मिळालेला असतो, त्यांच्यांत रोग लौकर दिसतो आणि तो बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो. १९८६ सालीं तें जनुक प्रत्यक्ष हातीं आलें आणि अनुमान खरें ठरलें. दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे पहारा उठतो, आणि पेशी दुभंगतच राहते. तिचें सामर्थ्य या सततच्या दुभंगण्यांत आहे. आणि तिचें मर्महि तेथेंच आहे. सदाफुलीचें विष घाव घालतें तें या मर्मावर.

हें विष हातीं कसें लागलें, ती हकीकतहि मनोरंजक आहे. सदाफुली मूळची मादागास्कर बेटाची. तेथून ती उष्ण कटिबंधांतील बहुतेक देशांत पसरली. अनेक देशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची चाल पडली. वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावरहि ती होती. १९५२ सालीं तेथील एका डॉक्टरानें कांहीं पानें कॅनडांत धाडलीं. तेथील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठांत रॉबर्ट नोबल यांनीं त्या पानांचा अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तांतील साखर कांहीं उतरली नाहीं. मग तो टोचून पाहिला. तों उंदीर जंतुबाधेनें मरूं लागले. एखाद्यानें प्रयोग फसला म्हणून पानें फेंकून दिलीं असतीं. नोबल यांनीं उंदीर कां मेले, याचा शोध घेतला. त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा झाल्या होत्या. हाडांच्या मगजांत त्यांची उत्पत्तीच खुंटली होती. ज्या द्रव्यानें पांढऱ्या पेशींची वाढ थांबते, त्यानें पांढऱ्या पेशींचा कर्करोगहि कां थांबूं नये, हा विचार त्यांतून निघाला. चार्ल्स बीर या रसायनज्ञाच्या साहाय्यानें १९५८ सालापर्यंत व्हिन्ब्लास्टीन हें द्रव्य वेगळें झालें. त्याच सुमारास अमेरिकेंतील लिली कंपनीचे शास्त्रज्ञहि स्वतंत्रपणें याच झाडाच्या मागें लागले होते. त्यांच्या प्रयोगशाळेंत व्हिन्ब्लास्टीनचें भावंड शोभेल असें दुसरें द्रव्य मिळालें. तें व्हिंक्रिस्टीन. १९६३ सालीं अमेरिकेंत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

या दोन द्रव्यांच्या रचनेंत फरक अगदीं थोडा आहे. अणूंचा एक लहानसा गट बदललेला, इतकाच. पण गुणांत मोठा फरक पडतो. एक हाडांच्या मगजाला अधिक जाचतें, तर दुसरें मज्जातंतूंना. पानांत हीं द्रव्यें असतात तीं मात्र इतकीं थोडीं कीं, एक ग्रॅम व्हिंक्रिस्टीन मिळविण्यास शेंकडों किलो वाळलेलीं पानें लागतात. शिवाय त्याच पानांत कित्येक इतर अल्कलॉइड असतात. त्यांतून हें एक निवडून काढावें लागतें. मूठभर पानांच्या काढ्यांत व्हिंक्रिस्टीन किती आणि इतर विषें किती, हें काढा करणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाहीं.

आतां पेशींत पोंचल्यावर तें काय करतें, तें पाहावें. पेशी दुभंगण्यापूर्वीं आपल्या गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार करते. मग या जोड्या पेशीच्या मधोमध रांगेनें उभ्या राहतात. दोन टोंकांकडून निघालेले अतिसूक्ष्म धागे त्यांना पकडतात आणि एकेक प्रत आपापल्या बाजूला ओढून नेतात. हे धागे म्हणजे वस्तुतः पोकळ नळ्या असतात. ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनाच्या विटा रचून त्या उभ्या राहतात, आणि काम होतांच त्या विटा पुन्हां सुट्या होतात. व्हिंक्रिस्टीन नेमकें या विटांना जाऊन चिकटतें. मग नळी नीट रचली जात नाहीं. गुणसूत्रें रांगेंत ताटकळत उभीं राहतात, पण त्यांना ओढून नेणारें कोणी नसतें. पेशी अर्ध्या वाटेवर अडकते आणि बहुधा कांहीं काळानें स्वतःच्या मरणाची यंत्रणा स्वतःच चालू करते.

येथें असा प्रश्न सहजच उद्भवतो कीं, हें विष कर्करोगाच्या पेशींनाच कसें ओळखतें? उत्तर असें कीं, तें ओळखत नाहीं. जी पेशी दुभंगण्याच्या घाईंत असेल, ती त्याच्या तावडींत सांपडते. केस उगवणाऱ्या पेशी, आंतड्याच्या आंतील अस्तराच्या पेशी यांनाहि झळ पोंचते. मज्जातंतूंत तर अशाच नळ्यांच्या रुळांवरून जीवनद्रव्यांची वाहतूक चालते. ती मंदावली कीं पायांतील शक्ति कमी होते, जबडा दुखतो, मलावरोध होतो. शिरेबाहेर थेंब सांडला तर तेथील मांस जळतें. पाठीच्या कण्यांतील द्रवांत तें चुकून टोंचलें गेलें तर प्राणघातक ठरतें. म्हणून रुग्णालयांत त्याविषयीं कडक नियम आहेत. एका वेळची मात्रा मोठ्या माणसालाहि दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहींत. बालकाला त्याच्या वजनाच्या मानानें त्याहून पुष्कळ कमी. विष आणि औषध यांच्यामधील भिंत येथें इतकी पातळ आहे.

डोळ्याच्या या रोगांत हें औषध मुख्यत्वें १९९० नंतरच्या दशकांत पुढें आलें. त्यापूर्वीं डोळा वांचवावयाचा तर बाहेरून किरणांचा उपचार करीत. परंतु ज्या मुलांच्या प्रत्येक पेशींत जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्यांच्या चेहऱ्याच्या हाडामांसावर किरणांचा मारा झाला कीं पुढें कित्येक वर्षांनीं तेथें दुसराच कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो, असें दिसून आलें. डोळा राखण्यासाठीं केलेला उपाय तरुणपणीं जिवावर बेतूं लागला. तेव्हां डॉक्टरांनीं तीन औषधांची योजना केली: व्हिंक्रिस्टीन, एटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें बहुधा सहा वेळां हीं दिलीं जातात. त्यांनीं गांठ लहान झाली, म्हणजे उरलेल्या भागावर लेसर किंवा अतिशीत उपचार करून ती नष्ट करतात. एकट्या औषधानें काम क्वचितच पुरें होतें.

या तिघांपैकीं कार्बोप्लॅटिन प्लॅटिनम धातूपासून बनलेलें आहे. पण एटोपोसाइडचें मूळ पुन्हां वनस्पतींतच सांपडतें. हिमालयाच्या उंच उतारांवर बनककडी नांवाचें एक लहान रोपटें उगवतें. त्याच्या मुळांतील द्रव्यहि सदाफुलीच्या विषाप्रमाणें त्या नळ्यांवरच घाव घालतें. परंतु रसायनज्ञांनीं त्याची रचना थोडी बदलून एटोपोसाइड तयार केलें, तेव्हां आश्चर्य असें घडलें कीं, घावाची जागाच बदलली. गुणसूत्रांतील लांबलचक सूत्राला पीळ पडतो, तेव्हां तें क्षणभर कापून, पीळ काढून पुन्हां सांधणारें एक विकर पेशींत असतें. एटोपोसाइडच्या प्रभावानें कापणें होतें, पण सांधणें होत नाहीं. तुटलेल्या सूत्रांनिशीं पेशी जगूं शकत नाहीं. म्हणजे एक औषध गुणसूत्रांना ओढणारे धागे मोडतें, तर दुसरें गुणसूत्रांचें सूत्रच तोडतें. एकाच्या हातून निसटलेली पेशी दुसऱ्याच्या हातीं सांपडावी, हा त्यांना एकत्र देण्यांतील हेतु.

तिसरी वनस्पति महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. चीनमधील एका वृक्षाच्या सालींतून १९६६ सालीं कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य अमेरिकेंत वेगळें केलें गेलें. तें काम मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांचें. यांपैकीं वाणी हे मूळचे खानदेशांतील नंदुरबारचे, आणि मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढें १९७२ सालीं तेंच द्रव्य सह्याद्रींतील एका झाडांत भारतीय रसायनज्ञांना विपुल प्रमाणांत आढळलें. त्या झाडाला त्याच्या दुर्गंधीमुळें मराठींत नरक्या म्हणतात. मूळ द्रव्याची पहिली परीक्षा निराशाजनक झाली. मूत्राशयाला त्याचा फार जाच होई. पुढें त्याची रचना बदलून टोपोटेकन हें औषध तयार झालें आणि १९९६ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. आज बालकांच्या डोळ्याच्या या कर्करोगांतहि त्याचा उपयोग करतात. इकडे सह्याद्रींत मात्र या मागणीपायीं नरक्याची बेसुमार तोड झाली आणि झाड दुर्मिळ होऊं लागलें. ज्या झाडानें जीव वांचवावे, त्याचाच जीव धोक्यांत आला.

औषध शिरेंतून दिलें तरी तें डोळ्याच्या आंत सहजासहजीं पोंचत नाहीं. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्यें निसर्गानें एक चाळण ठेवली आहे. गांठीपासून सुटून डोळ्यांतील पारदर्शक रसांत तरंगणाऱ्या पेशींना तर रक्तवाहिनीच नसते. म्हणून जपानी डॉक्टरांनीं आधीं दाखविलेल्या वाटेनें पुढें जाऊन न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनीं २००६ सालापासून एक नवी रीत रूढ केली. मांडीजवळच्या धमनींतून अतिशय बारीक नळी वर सरकवीत डोळ्याच्या धमनीच्या मुखापर्यंत नेतात आणि औषध तेथेंच सोडतात. या रीतींत मुख्यतः मेल्फालान हें कृत्रिम औषध वापरतात. कधीं जोडीला टोपोटेकन असतें. तरंगणाऱ्या पेशींसाठीं विशेष खबरदारी घेऊन डोळ्याच्या रसांतहि औषध टोंचतात. पूर्वीं जे डोळे काढावेच लागले असते, त्यांतील पुष्कळ अशा उपायांनीं राखतां आले आहेत.

आतां एका वेगळ्या प्रकारच्या बातमीचा विचार करणें अवश्य आहे. अमुक फळाच्या, मसाल्याच्या किंवा पाल्याच्या अर्कानें डोळ्याच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, असें वरचेवर वाचनांत येतें. अशा प्रयोगांसाठीं शास्त्रज्ञ बहुधा पेशींच्या ठराविक वाणांचा उपयोग करतात. त्यांतील वाय-७९ हा वाण एका बालिकेच्या डोळ्यांतील गांठीपासून निघाला. १९७४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि आजहि जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढविला जातो. हळदींतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यानें त्याची वाढ मंदावते, असें दिसून आलेलें आहे. तें खोटें नाहीं. परंतु बशींत औषध ओततां येतें. डोळ्यांत तें पोंचवावें लागतें. हळद खाल्ली असतां कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि डोळ्याच्या आंत त्याहून थोडें. साबणाच्या पाण्यानेंहि बशींतील पेशी मरतात. म्हणून साबण हें कर्करोगाचें औषध ठरत नाहीं. पेशी मरणें ही पहिली पायरी. निरोगी पेशी वांचणें, औषध रोगाच्या जागीं पुरेशा प्रमाणांत पोंचणें, तें प्राण्यांना सोसणें आणि अखेर माणसाच्या रोगांत त्याचा गुण सिद्ध होणें, या पुढच्या पायऱ्या. सदाफुलीनें त्या सर्व चढल्या. हळदीनें या रोगांत त्या अद्यापि चढलेल्या नाहींत.

हा भेद केवळ पांडित्याचा नाहीं. त्यावर बालकाचें भवितव्य अवलंबून असतें. हा रोग वेळीं सांपडला तर बरा होणाऱ्या कर्करोगांत त्याचें स्थान फार वरचें आहे. श्रीमंत देशांत अशा शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक मुलें जगतात. परंतु २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या, १५३ देशांतील ४,३५१ मुलांच्या पाहणींत असें दिसलें कीं, श्रीमंत देशांत रोगाचें निदान होतें तेव्हां मुलाचें वय मध्यम मानानें सुमारें १४ महिन्यांचें असतें, तर अगदीं गरीब देशांत तें ३० महिन्यांच्या वर असतें. हें सव्वा वर्षाचें अंतर म्हणजे डोळा आणि जीव यांच्यामधील अंतर होय. तेवढ्या अवधींत गांठ दृष्टीच्या मज्जातंतूच्या वाटेनें मेंदूकडे निघालेली असते. हा काळ कोठें दवाखाना दूर म्हणून जातो, कोठें पैसा नाहीं म्हणून. आणि कोठें डोळ्यांत मध घालण्यांत, पाल्याचा रस पिळण्यांत, किंवा मूल मोठें झालें म्हणजे आपोआप जाईल, या भरंवशावर जातो. पहिल्या दोन कारणांना उपाय करणें एका घराच्या हातीं नसेल, तिसऱ्याला आहे.

तो उपाय सोपा आहे. बाळाच्या बाहुलींत पांढरी चमक दिसली, डोळा तिरळा वाटला, किंवा झगझगीत प्रकाशांत काढलेल्या छायाचित्रांत एक डोळा तांबूस आणि दुसरा पांढरा आला, तर घाबरून जाऊं नये आणि थांबूंहि नये. मोतिबिंदूसारख्या इतर कारणांनींहि अशी चमक दिसते. तीं कारणेंहि वेळींच पाहावयाचीं असतात. नेत्रवैद्य थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आंतील पडदा नीट पाहतात. त्याखेरीज दुसऱ्या कशानें मनाचें समाधान करून घेऊं नये. घरांत एका मुलाला हा रोग झाला असेल, तर त्याच्या भावंडांचे डोळेहि तपासून घ्यावे. कारण पहिला आघात कधीं कधीं वंशांतून येतो.

सदाफुली दाराशीं असावी. तिचीं फुलें देवाला वाहावीं. तिच्या पानांत दडलेल्या गुणाचें कौतुकहि करावें. पण तो गुण पानांतून निघून बालकाच्या डोळ्यापर्यंत पोंचण्यास पुष्कळ माणसांचीं पुष्कळ वर्षें लागलीं आहेत. आईच्या नजरेंत भरलेल्या त्या चमकेनंतर दवाखान्यापर्यंत पोंचण्यास मात्र एका दिवसापेक्षां अधिक वेळ लागूं नये.